स्मृतिभ्रंशाची चाहूल रक्तात: प्रकाशावर चालणारे सेन्सर नेमकं काय बघतात?

करोनाच्या काळात घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर अजूनही बऱ्याच कपाटांत पडून असेल. बोटाला लावायचा तो चिमटा लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून पाठवतो, पलीकडे किती पोचला ते मोजतो आणि रक्तातला ऑक्सिजन किती टक्के आहे ते आकड्यात दाखवतो. अवरक्त म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. ऑक्सिजन घेतलेलं आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन हे दोन्ही प्रकाश कमीजास्त शोषतात, एवढ्यावर ते यंत्र चालतं. प्रकाशाने रक्त वाचता येतं, हे आपण सगळ्यांनी तेव्हा स्वतःच्या बोटावर पाहिलं.

आता याच प्रकाशाकडून फार मोठी अपेक्षा केली जाते आहे. रक्ताच्या नमुन्यावरून हा माणूस पुढे स्मृतिभ्रंशाकडे, त्यातही अल्झायमरकडे चालला आहे का, हे लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधी ओळखायचं. अल्झायमर १७ वर्षं आधी कळणार, अशा बातम्या अधूनमधून येतात. त्यांच्यामागे खरं आणि अतिशय देखणं विज्ञान आहे. पण हे सेन्सर ज्या प्रश्नाचं उत्तर देतात तो प्रश्न वेगळा, आणि आईला किंवा वडिलांना घेऊन दवाखान्यात बसलेला मुलगा डॉक्टरांना जो प्रश्न विचारतो तो वेगळा. हा फरक नीट समजला नाही तर चांगल्या तपासणीनेही घराची झोप उडू शकते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आजार आधी, विसरणं नंतर

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. आठवण, भाषा, वेळकाळाचं भान, सगळंच ढासळत चाललेलं. तिच्या नोंदी ठेवणारे डॉक्टर होते आलोइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला आणि रंग दिलेले पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर कसलेसे गोळे साचलेले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडलं. गोळ्यांमधलं प्रथिन म्हणजे बीटा-अमायलॉइड आणि गुंत्यातलं प्रथिन म्हणजे टाऊ, हे कळायला पुढे अनेक दशकं गेली.

जवळजवळ शंभर वर्षं अल्झायमरचं पक्कं निदान माणूस गेल्यावरच होत असे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचे विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी स्वीडनमधल्या सहकाऱ्यांबरोबर जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड पेट स्कॅनवर, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेल्या चित्रात, दाखवलं आणि चित्र बदललं. माणसांकडे वर्षानुवर्षं असं बघता येऊ लागल्यावर लक्षात आलं की साचणं सुरू होतं ते विसरायला लागायच्या १५-२० वर्षं आधी. सत्तरीत ज्यांना घरचा रस्ता सापडेनासा होतो, त्यांच्या मेंदूत सुरुवात पन्नाशीच्या आगेमागेच झालेली असते. तेव्हा ते नोकरी करत असतात, हिशेब ठेवत असतात, नातेवाइकांचे वाढदिवस लक्षात ठेवत असतात. कुणालाच काही जाणवत नाही.

साचतं कसं, तेही थोडक्यात बघू. मेंदूच्या पेशींच्या आवरणात एक मोठं प्रथिन असतं. शरीरातली विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे करतात. त्यातला एक तुकडा ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा, तो बीटा-अमायलॉइड. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत तो रोज तयार होतो आणि रोज निघूनही जातो. ४२ वाला तुकडा चिकट. त्याची घडी, म्हणजे दुमडून त्याला येणारा आकार, चुकली की तो शेजारच्या तुकड्याला धरतो, ते दोघे तिसऱ्याला, आणि त्यातून पुढे गोळे बनतात. मग टाऊ बिघडतं. त्यावर जागोजागी फॉस्फेटचे कण चिकटतात, आणि पेशीला आतून आधार देणारं हे प्रथिन आधार सोडून गुंत्यात जातं.

जगात स्मृतिभ्रंश असलेली माणसं २०२१ मध्ये साधारण ५ कोटी ७० लाख होती, आणि त्यात ६० ते ७० टक्के वाटा अल्झायमरचा असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये एका देशव्यापी पाहणीवरून निघाला. एवढ्या सगळ्यांचं पेट स्कॅन शक्य नाही. त्याला किरणोत्सारी द्रव्य लागतं, महागडं यंत्र लागतं, आणि ते मोठ्या शहरांतच असतं. दुसरा मार्ग पाठीतलं पाणी काढून तपासण्याचा. तो भरवशाचा आहे, पण पाठीत सुई म्हटलं की म्हातारं माणूसही बिचकतं आणि घरचेही. म्हणून सगळ्यांचं लक्ष रक्ताकडे गेलं.

रक्तात ते असतं तरी किती?

आज ज्या प्रथिनावर सर्वांत जास्त भरवसा ठेवला जातो त्याचं नाव पी-टाऊ २१७. टाऊच्या साखळीत २१७ व्या जागी फॉस्फेट चिकटलेलं, म्हणून हे नाव. मेंदूत अमायलॉइड साचायला लागलं की रक्तातही ते वाढतं. पण वाढून वाढून किती? एका मिलिलिटर रक्तद्रवात बहुतेकांच्या बाबतीत एका पिकोग्रॅमहूनही कमी. त्याच मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिन हे नेहमीचं प्रथिन ४० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. एका मिलिग्रॅममध्ये शंभर कोटी पिकोग्रॅम असतात. म्हणजे आपल्याला हवं असलेल्या प्रथिनाच्या अवतीभवती निदान चार हजार कोटी पट अल्ब्युमिन आहे, आणि इतर शेकडो प्रथिनं वेगळीच. मेंदू आणि रक्त यांच्यात एक गाळणी असते, तिच्यातून थोडंच बाहेर येतं, आणि आलेलंही रक्तात विरून जातं आणि शरीराबाहेर टाकलं जातं. ऑक्सिमीटरचं काम त्या मानाने सोपं आहे, कारण हिमोग्लोबिन रक्तात भरपूर असतं. इथे नुसता प्रकाश आरपार पाठवून काहीही हाती लागणार नाही.

म्हणून सगळ्या पद्धतींत पहिली पायरी सारखी आहे. हव्या त्या प्रथिनालाच धरून ठेवणारी प्रतिपिंडं वापरायची, बाकीचं धुऊन टाकायचं, आणि जे उरेल त्यावर प्रकाशाचं काम सुरू करायचं. पुढे रस्ते फुटतात.

एका रस्त्यात बाहेरून प्रकाश टाकतच नाहीत, रसायनालाच प्रकाश द्यायला लावतात. तुमच्या घरातला थायरॉइडचा किंवा बी-१२ चा रिपोर्ट काढून बघा. पद्धतीच्या रकान्यात बऱ्याचदा सीएलआयए किंवा ईसीएलआयए असं लिहिलेलं सापडेल. धरलेल्या रेणूला एक खूणगाठ बांधलेली असते, ती रासायनिक क्रियेने उजळते, आणि तो अंधुक उजेड यंत्र मोजतं. जपानच्या फुजिरेबिओ या कंपनीची याच पद्धतीची एक तपासणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये मंजूर केली. अल्झायमरसाठी मंजुरी मिळालेली ही तिथली पहिली रक्त तपासणी. तिच्यात पी-टाऊ २१७ आणि ४२ वालं अमायलॉइड यांचं गुणोत्तर बघतात. ४९९ नमुन्यांवरच्या अभ्यासात, ज्यांचा निकाल होकारार्थी आला त्यांच्यातल्या ९१.७ टक्के लोकांच्या मेंदूत पेट स्कॅनने किंवा पाठीच्या पाण्याने अमायलॉइड सापडलं. नकारार्थी आलेल्यांपैकी ९७.३ टक्क्यांत ते सापडलं नाही. मात्र प्रत्येकाला हो-नाही असं उत्तर मिळालेलं नाही. २० टक्क्यांहून थोडे कमी लोक मधल्या, अनिश्चित पट्ट्यात राहिले. मंजुरीही सरसकट नाही. वय ५५ किंवा पुढे आणि विसरण्याची लक्षणं आहेत, अशांसाठीच ती आहे.

याच घराण्यातली दुसरी पद्धत मला फार आवडते. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात डेव्हिड वॉल्ट यांच्या गटाने ती बसवली आणि २०१० मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. प्रतिपिंडं लावलेले चुंबकीय मणी नमुन्यात सोडतात. मणी इतके जास्त असतात की एका मण्याला फार तर एकच रेणू मिळतो, बहुतेकांना तर काहीच मिळत नाही. मग हे मणी अतिसूक्ष्म खळग्यांत बसवतात, एका खळग्यात एकच. रेणू मिळालेल्या मण्याला एक विकर जोडलेलं असतं, ते खळग्यातल्या रसायनाला चमकणारं बनवतं. खळगा इतका लहान असतो की एका रेणूमुळे झालेली चमकही पातळ न होता तिथेच टिकते आणि कॅमेऱ्याला दिसते. एकूण उजेड किती हे मोजण्याऐवजी किती खळगे उजळले ते मोजायचं. शंका उरत नाही, कारण प्रत्येक खळगा एक तर उजळलेला असतो किंवा काळा असतो. रक्तातलं टाऊ मोजता येऊ लागलं त्यात या मोजणीचा वाटा मोठा आहे.

दुसरा रस्ता सोन्याचा. काचेवर साधारण ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर दिला आणि खालून ठरावीक कोनात प्रकाश टाकला, तर सोन्यातले इलेक्ट्रॉन त्या प्रकाशाची ऊर्जा घेऊन एकत्र डोलू लागतात आणि परत येणारा प्रकाश एकदम मंदावतो. सोन्यावर एखादं प्रथिन येऊन चिकटलं की हा मंदावण्याचा कोन किंचित सरकतो. स्वीडनमधल्या लिनशॉपिंगच्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये याचा सेन्सर म्हणून वापर करून दाखवला. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनाही असाच गुण असतो. करोनाच्या घरगुती किटवर उमटणारी तांबूस रेघ बऱ्याचदा अशा कणांचीच असते. अल्झायमरच्या प्रथिनांसाठी जगभर सोन्याचा असा थर किंवा कण वापरणाऱ्या अनेक सेन्सर-चकत्या बनवल्या गेल्या आहेत. अडचण अशी की रक्तातली नको ती प्रथिनंही सोन्यावर येऊन बसतात आणि सेन्सरला दोन्ही सारखीच वाटतात. शुद्ध द्रावणात उत्तम चालणारी चकती खऱ्या रक्तात अडखळते. या क्षेत्रातला शोधनिबंध वाचताना मी आधी एवढंच बघतो की तपासणी माणसांच्या रक्तावर केली आहे की प्रयोगशाळेत बनवलेल्या पाण्यावर.

घडी ओळखणारा प्रकाश

आता ज्या कामामुळे हा लेख लिहावासा वाटला, ते. जर्मनीतल्या बोखुम शहरात रूर विद्यापीठ आहे. तिथल्या क्लाउस गेरवेर्ट यांच्या गटाने प्रश्नच वेगळा विचारला. अमायलॉइड किती आहे हे मोजत बसण्याऐवजी त्याची घडी कशी आहे ते बघता येईल का? आजाराची सुरुवात घडी चुकण्यापासून होते, गोळे त्यानंतर बऱ्याच काळाने दिसतात. तेव्हा घडीच ओळखता आली तर सगळ्यांत आधी पोचता येईल.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्या प्रत्येक जोडावर कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातला एक बंध असतो आणि तो सतत कंप पावत असतो. या कंपाची वारंवारता नेमकी अवरक्त प्रकाशाच्या पट्ट्यात येते, त्यामुळे जुळणाऱ्या वारंवारतेचा प्रकाश तो बंध शोषून घेतो. शास्त्रज्ञ ही वारंवारता एका सेंटीमीटरमध्ये किती लाटा मावतात या मापात सांगतात. साखळी सैल किंवा पीळदार असेल तर हे शोषण १६५० च्या आसपास होतं. घडी चुकून साखळ्या एकमेकींना लागून सपाट पसरल्या की शेजारच्या साखळीतला हायड्रोजन या बंधाला ओढून थोडं ढिलं करतो, आणि शोषण १६३० च्या दिशेने खाली सरकतं. तंबोऱ्याचा मणी जरासा हलवला की तारेचा सूर किंचित उतरतो, तसंच हे. फरक जेमतेम एका टक्क्याचा, पण चांगल्या यंत्राला तो स्पष्ट कळतो.

यंत्राची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. जर्मेनियमच्या स्फटिकात अवरक्त प्रकाश सोडतात. तो आतल्या आत पृष्ठभागांवर आपटत पुढे जातो, बाहेर पडत नाही. तरीही आपटण्याच्या प्रत्येक जागी त्याचा थोडासा प्रभाव पृष्ठभागापलीकडे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी अंतरापर्यंत पोचतो. त्या पृष्ठभागावर प्रतिपिंडं बसवलेली असतात. वरून रक्तद्रव वाहू दिला की ती अमायलॉइडला धरतात, चांगल्या घडीचं असो वा बिघडलेलं. बाकीचं वाहून जातं. मग आधीचं आणि नंतरचं शोषण यांची वजाबाकी केली की फक्त पकडलेल्या अमायलॉइडची नोंद उरते. ती नोंद वरच्या बाजूला आहे की खाली सरकली आहे, हेच उत्तर. इथे रंग लागत नाही, चमकणारी खूणगाठ लागत नाही. आणि रक्तात अमायलॉइड कमी आहे की जास्त याने फारसं बिघडत नाही, कारण मोजायची आहे ती सरासरी घडी.

२०१८ मध्ये या गटाने दोन ठिकाणच्या नमुन्यांवरचे निष्कर्ष मांडले. एक स्वीडनमधला बायोफाइंडर अभ्यास आणि दुसरा जर्मनीच्या झारलांड प्रांतातला एस्थर अभ्यास. एस्थरमध्ये २००० ते २००२ या काळात ५० ते ७५ वयाच्या लोकांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं आणि पुढे कुणाला काय होतं याची नोंद चालू होती. डॉक्टरांनी अल्झायमर म्हणायच्या सरासरी ८ वर्षं आधीच्या रक्तात घडीतला बदल दिसला. २०२२ मध्ये त्यांनी आणखी मागे जाऊन पाहिलं. १७ वर्षांच्या काळात अल्झायमर झालेले ६८ जण आणि न झालेले २४० जण यांचे सुरुवातीचे नमुने तपासले, तेव्हा १७ वर्षं आधीही घडीतला बदल खूण म्हणून उपयोगी पडला. मेंदूतल्या आधारपेशींमधून येणारं जीएफएपी नावाचं प्रथिन काही वर्षांनंतर वाढू लागतं, तेही जोडीला घेतल्यावर अंदाज सुधारला. बातम्यांमधला १७ चा आकडा इथला आहे. त्याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. ज्यांच्यात घडी चुकलेली होती त्या गटात पुढे आजाराचा धोका बराच जास्त होता, एवढं हा अभ्यास सांगतो. अमक्या बाईंना १७ वर्षांनी अल्झायमर होणार, असं तो सांगत नाही.

कंपावरून रेणू ओळखण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि त्याची सुरुवात कोलकात्यात झाली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांना दिसलं की पदार्थावर पडून विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून परत येतो, आणि तो बदल रेणूच्या कंपावर अवलंबून असतो. तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. अडचण अशी की साधारण एक कोटी प्रकाशकणांतला एखादाच असा रंग बदलतो. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूंकडून हा क्षीण संकेत अनपेक्षितपणे जोरात मिळाला. पुढे त्याचं कारण कळलं, आणि चांदी-सोन्याच्या खडबडीत पृष्ठभागावर तो लाखो पटींनी वाढवता येऊ लागला. अल्झायमरसाठी रक्तावर असे प्रयोग बरेच चालू आहेत. रामन परिणामाबद्दल मला मनापासून जिव्हाळा आहे, तरी एक सांगायला हवं. पृष्ठभागावरच्या एका ठिपक्यात संकेत जेवढा वाढतो तेवढा शेजारच्या ठिपक्यात वाढेलच असं नसतं, आणि बरेचसे अभ्यास थोड्याच माणसांवर झालेले आहेत. थोडे नमुने आणि त्यांतून संगणकाने शोधून काढलेला बारीक फरक, हे एकत्र आलं की पहिल्या प्रयोगशाळेत ९५ टक्के अचूक ठरलेली पद्धत दुसऱ्या शहरात टिकत नाही.

शंभरातले नऊ

२०१८ च्या बोखुमच्या तपासणीत पुढे अल्झायमर झालेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक ओळखले गेले, आणि ज्यांना तो झाला नाही त्यांच्यातल्या सुमारे ९ टक्क्यांना चुकून होकार मिळाला. ऐकायला हे छान वाटतं. आता एक सोपा हिशेब करू.

समजा एखाद्या गावातल्या, कुठलीही तक्रार नसलेल्या १००० लोकांची तपासणी केली आणि त्यातल्या ५० जणांना पुढे अल्झायमर होणार आहे. तपासणी त्यांच्यापैकी ३५ जणांना पकडेल आणि १५ जण सुटतील. उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी ९ टक्के, म्हणजे ८५-८६ जणांना चुकीचा होकार मिळेल. होकार मिळालेले झाले साधारण १२०, आणि त्यातले खरे फक्त ३५. दहा जणांना होकार मिळाला तर त्यातल्या सातांच्या हातात विनाकारण भीतीचा कागद.

आता तीच तपासणी, तेच यंत्र, पण माणसं वेगळी घेऊ. विसरण्याची तक्रार घेऊन तज्ज्ञांकडे आलेले १००० जण, आणि त्यातल्या ५०० जणांना खरोखरच आजार आहे. ३५० पकडले जातील, चुकीचे होकार ४५. म्हणजे होकार मिळालेल्या दहांपैकी जवळजवळ नऊ खरे. यंत्र बदललं नाही, प्रकाश बदलला नाही. कुणाची तपासणी केली एवढंच बदललं. लक्षणं असलेल्यांसाठीच मंजुरी, ही अट अमेरिकेत का घातली गेली ते यावरून कळतं. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये अशी चाचणी सगळ्यांसाठी घालणं मला गैर वाटतं, तेही याच हिशेबामुळे.

आणि खरा होकार म्हणजे तरी काय? मेंदूत अमायलॉइडची गडबड सुरू आहे, एवढंच. बुद्धी पूर्ण शाबूत असलेल्या लोकांच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब केला तेव्हा पन्नाशीच्या साधारण १० टक्के आणि नव्वदीच्या साधारण ४४ टक्के लोकांमध्ये अमायलॉइड साचलेलं आढळलं. त्यातले कितीतरी जण शेवटपर्यंत स्वतःचा हिशेब स्वतः ठेवून जातात. उलट बाजूही आहे. लहान लहान झटक्यांनी मेंदूचा रक्तपुरवठा बिघडून होणारा स्मृतिभ्रंश, मेंदूच्या पेशींत वेगळ्याच प्रथिनाचे गोळे साचून होणारा लेवी बॉडीचा स्मृतिभ्रंश, हे वेगळे आजार आहेत. अमायलॉइड किंवा टाऊ बघणाऱ्या सेन्सरचा नकार त्यांना वगळत नाही. शिवाय मूत्रपिंड नीट चालत नसेल तर रक्तातलं पी-टाऊ मेंदूशी संबंध नसताना वाढतं, आणि वजन जास्त असेल तर ते कमी दिसू शकतं.

हा मुद्दा आपल्याला जवळचा आहे. मधुमेह आणि त्यातून येणारा मूत्रपिंडाचा त्रास आपल्याकडे घरोघरी आहे, आणि होकार-नकाराच्या सीमारेषा आजवर मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या रक्तावर ठरल्या आहेत. आपल्या लोकांसाठी त्या पुन्हा तपासाव्या लागतील. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च ४५ वर्षांपुढच्या १०,००० ग्रामस्थांचा दीर्घकाळ अभ्यास करायला निघालं आहे. स्मरणशक्तीच्या चाचण्या, रक्त, मेंदूची चित्रं, सगळं पुन्हा पुन्हा. माझ्या मते नव्या सेन्सरइतकंच हे काम महत्त्वाचं आहे, कारण वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेली माणसं नसतील तर सेन्सरचा आकडा कशाशी ताडून बघणार?

आधी कळून करायचं काय?

पूर्वी या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आता थोडं आहे. मेंदूतलं अमायलॉइड काढून टाकणारी दोन औषधं अमेरिकेत वापरात आहेत, लेकानेमॅब २०२३ पासून आणि डोनानेमॅब २०२४ पासून. लेकानेमॅबच्या मोठ्या चाचणीत १८ महिन्यांत आजाराची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. थांबली नाही, उलटली तर अजिबात नाही. ही औषधं फक्त सुरुवातीच्या टप्प्यात देतात, अमायलॉइड आहे हे सिद्ध झाल्यावरच देतात, आणि मेंदूला सूज येते का किंवा रक्त झिरपतं का हे बघायला वारंवार एमआरआय करावा लागतो. रक्त तपासणीचा पहिला खरा उपयोग इथे आहे. कुणाला पेट स्कॅनसाठी पाठवायचं आणि कुणाचा तो त्रास व खर्च वाचवायचा, हे तिच्यावरून ठरवता येतं. दुसरा उपयोग नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी अगदी सुरुवातीच्या टप्प्यातली माणसं शोधण्याचा. तिथे १७ वर्षांचा तो आकडा फार मोलाचा ठरू शकेल.

काहीही लक्षण नसताना, नुसत्या काळजीपोटी ही तपासणी करून घेऊ नये, असं या क्षेत्रातले तज्ज्ञ आज सांगतात आणि मला ते पटतं. घरात कुणाला अल्झायमर झालेला असेल तर ही काळजी किती खरी असते हे मी समजू शकतो. पण आज होकार आला तरी निरोगी माणसाला द्यायचं सिद्ध झालेलं औषध नाही. जे करायचं ते चाचणीशिवायही करता येतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली आणि ती सगळी हाताळली तर स्मृतिभ्रंशाचा जवळपास ४५ टक्के भार टळू शकेल किंवा पुढे ढकलता येईल, असा अंदाज दिला. त्यात रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा आहेत, तसंच कमी झालेलं ऐकू येणं आणि अधू झालेली दृष्टीही आहे. मोतीबिंदू पिकण्याची वाट बघत बसणाऱ्या आणि कानाचं यंत्र नको म्हणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे आवर्जून सांगायला हवं.

लक्षणं असतील तर मात्र वयाचं कारण सांगून थांबू नका. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. रोजची भाजी करताना क्रम चुकणं, बँकेच्या व्यवहारात गोंधळ होणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, ही दाखवायची लक्षणं. डॉक्टर सुरुवातीला बी-१२ आणि थायरॉइड तपासायला सांगतील, झोपेच्या आणि इतर गोळ्या बघतील, मन उदास आहे का ते विचारतील, पडल्याचं आणि डोक्याला लागल्याचं विचारतील. यातल्या प्रत्येक कारणाने विसरायला होऊ शकतं आणि ते बऱ्याचदा सुधारतं. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास सापडते की ती तपासणी चुकवूच नये. त्यानंतरही शंका उरली तर एमआरआय, आणि मग तज्ज्ञांनी सुचवली तर अमायलॉइड-टाऊची रक्त तपासणी. ती करायची ठरलीच, तर मूत्रपिंडाचा ताजा क्रिएटिनिन रिपोर्ट जवळ ठेवा, आणि निकाल अनिश्चित आला तर पुढे काय करायचं हे रक्त द्यायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. भेटीला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटांसकट घ्या, आणि बरोबर अशा माणसाला न्या जो रोज त्यांच्यासोबत राहतो. काय काय विसरलं, हे विसरणाऱ्याला स्वतःला सांगता येत नाही.